शुभ आणि लाभ : टिकाऊ व्यवसायाचा एक पाठ



लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्या इंदूरच्या बाजारात नव्या वह्यांची पूजा होते. सराफा असो की सियागंज, वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि एका बाजूला ‘शुभ’, दुसऱ्या बाजूला ‘लाभ’ असे लिहितात. दुसऱ्या पानापासून जमा-खर्च सुरू होतो. तिथे लाभाचा हिशेब पै-पैसा जुळवून मांडलेला असतो, पण शुभाचा रकाना मात्र कुठेच सापडत नाही.

त्या हरवलेल्या रकान्याचा हा पाठ आहे. इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः वाणिज्य शाखेच्या मुलामुलींसाठी, आम्ही तो लिहीत आहोत. परंतु आपल्या शाळेतील अनेक पालकांची दुकाने, कारखाने, क्लिनिक वा लहान उद्योग आहेत आणि विश्वस्त मंडळ दरवर्षी शाळेसाठी लाखो रुपयांची खरेदी करते. म्हणून हा पाठ मोठ्यांनीही मुलांबरोबर बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

१. शब्दाचा अर्थ

हिंदीत ज्याला ‘सतत विकास’ किंवा ‘टिकाऊ विकास’ म्हणतात, त्याला मराठीत ‘शाश्वत विकास’ असा शब्द आहे. या कल्पनेची सर्वाधिक प्रसिद्ध व्याख्या १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका आयोगाने दिली. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या आयोगाच्या अध्यक्षा होत्या. व्याख्येचा सारांश असा : आजच्या पिढीने आपल्या गरजा जरूर भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत अशा रीतीने नव्हे.

हीच कसोटी व्यवसायाला लावली की तीन प्रश्न तयार होतात. पहिला, धंद्यात पैसा उरतो का? दुसरा, धंद्याशी संबंधित माणसांचे, म्हणजे कामगार, ग्राहक व शेजारी यांचे भले होते का? तिसरा, ज्या पाण्यावर, मातीवर व हवेवर धंदा चालतो, ती पूर्वीइतकीच चांगली राहते का? जॉन एल्किंग्टन या ब्रिटिश लेखकाने १९९४ मध्ये या तीन हिशेबांना मिळून एक नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘तिहेरी ताळेबंद’ म्हणू या.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या तीन प्रश्नांत पैशाचा प्रश्न आहेच. तोट्यात चालणारा धंदा चार दिवसांत बंद पडतो, मग तो कामगारांना पगार काय देणार आणि झाडे काय लावणार? लाभ वाईट नाही. तो कोणाच्या खिशातून आला, एवढेच विचारायचे आहे.

२. किमतीत न दिसणारा खर्च

तामिळनाडूतील तिरुपूर हे होजियरीचे मोठे केंद्र आहे. आपण वापरतो त्यांतले कितीतरी टी-शर्ट व बनियन तिथून येतात. कापड रंगवायला आणि ब्लीच करायला भरपूर पाणी व मीठ लागते. रंगाईच्या कारखान्यांतून निघालेले खारे, रंगीत पाणी अनेक वर्षे नोय्यल नदीत जात राहिले. ही नदी कावेरीला मिळते. नदीच्या खालच्या अंगाला शेतीसाठी ओरत्तुपालयम नावाचे धरण बांधले होते. ते १९९२ मध्ये पूर्ण झाले. काही वर्षांतच त्यात शेतीला चालेल असे पाणी राहिले नाही. साठले ते कारखान्यांचे पाणी. ज्या धरणाने शेते भिजायची, त्याच धरणामुळे विहिरी खाऱ्या होऊ लागल्या.

आता हिशेब पाहा. टी-शर्टच्या किमतीत सूत होते, रंग होता, मजुरी होती, वाहतूक होती, नफाही होता. पाणी स्वच्छ करण्याचा खर्च मात्र त्यात पुरता नव्हता. म्हणून टी-शर्ट स्वस्त पडत होता. पण तो खर्च नाहीसा झाला नव्हता. तो शेतकऱ्याच्या खात्यावर चढत होता. त्या शेतकऱ्याने टी-शर्ट विकलाही नव्हता आणि विकत घेतलाही नव्हता. अर्थशास्त्रात यालाच ‘बाह्य खर्च’ म्हणतात. बारावीच्या विद्यार्थ्यांनी ही संज्ञा नीट समजून घ्यावी. धंद्याच्या वहीबाहेर पडलेला खर्च तो बाह्य खर्च. कोणीतरी तो भरतोच.

शेतकरी न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने दूषित पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडता कामा नये, असे बंधन घातले. त्याचे पालन झाले नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांचा रोजगार अडचणीत आला. आधी शेतकऱ्याने किंमत मोजली, मग मजुराने. पुढे सामुदायिक शुद्धीकरण केंद्रे सुधारण्यात आली. पाणी गाळून, आटवून त्यातील पाणी व मीठ दोन्ही पुन्हा वापरण्याची पद्धत तिथे रुजली. या पद्धतीला वीज बरीच लागते आणि शेवटी उरणाऱ्या गाळाचा प्रश्नही सोपा नाही. तरीही जो खर्च वहीबाहेर होता, तो वहीत आला, हे महत्त्वाचे.

याच तामिळनाडूतील वेल्लोर भागातील चर्मोद्योगाच्या प्रदूषणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दोन तत्त्वे आपल्या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे मान्य केले. एक, जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई करावी. दोन, गंभीर हानीची शक्यता असेल तर शंभर टक्के पुरावा मिळण्याची वाट न पाहता आधीच खबरदारी घ्यावी. दुसऱ्या तत्त्वाचे मोल मध्य प्रदेशाइतके कोणाला ठाऊक असणार?

३. सूचना वेळेवर ऐकणे

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. सरकारी आकडे घेतले तरी मृतांची संख्या हजारांत जाते. ज्यांना या वायूची बाधा झाली त्यांची तर लाखांत. मुलांनो, ही घटना तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना ती सकाळ आठवत असेल.

व्यवसायाच्या अभ्यासात या घटनेकडे कसे पाहावे? कारखान्यात सुरक्षेच्या यंत्रणा नव्हत्याच असे नाही. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, ती बंद केलेली होती. गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता, तो दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. कारखान्याला तोटा होत होता आणि खर्चात कपात चालू होती. अशा वेळी पहिली कात्री बहुधा अशाच खर्चाला लागते, कारण सुरक्षेचा खर्च रोज दिसतो आणि त्याचा लाभ एरवी कधीच दिसत नाही. अपघात झाला नाही, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

सूचनाही मिळाली होती. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्येच आपल्या ‘रपट’ या छोट्या हिंदी साप्ताहिकात या कारखान्याच्या धोक्याबद्दल लेख लिहिले होते. लहान वृत्तपत्र, लहान गावठी आवाज म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पुढे मोठमोठ्या चौकशांत जे बाहेर आले, त्याचा इशारा त्या साप्ताहिकाने दोन वर्षे आधी दिला होता. यातून व्यवस्थापनाचा एक साधा नियम निघतो : धोक्याची सूचना कोण देतो यावरून तिचे वजन ठरवू नये. झाडूवाल्या मावशींनी सांगितले की अमुक जिन्यावर पाय घसरतो, तर मुख्याध्यापकांनी तो जिना स्वतः जाऊन पाहावा.

ही कहाणी १९८४ मध्ये संपली नाही. १९८९ मध्ये कंपनी व भारत सरकार यांच्यात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. कारखान्याच्या आवारातील विषारी कचरा मात्र तिथेच पडून राहिला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ च्या आरंभी सुमारे ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरांतून आपल्या शेजारच्या पीथमपूरला आणला गेला. इंदूरच्या आणि पीथमपूरच्या लोकांनी चिंता व्यक्त केली, आंदोलने झाली. दोन तरुणांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी थोड्या प्रमाणात चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेर तो कचरा जाळून संपवण्यात आला. जाळल्यानंतर उरलेली राख सुरक्षित ठेवण्याचा प्रश्न त्यानंतरही होताच. भोपाळच्या कारखान्याच्या आवारातील दूषित माती आणि भूजल यांचा प्रश्नही या कचऱ्याबरोबर गेला नाही.

चाळीस वर्षे! म्हणजे ज्या मुलाचा जन्म त्या वर्षी झाला, तो आज आपल्या शाळेत पालक म्हणून येत असेल. एका कारखान्याने जी वही अपुरी बंद केली, तिची बाकी पुढच्या पिढीने, तीही दुसऱ्या गावाने, सरकारी तिजोरीतून भरली. आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. उद्या तुमच्यापैकी काहीजण तिथे अभियंता, लेखापाल वा व्यवस्थापक होतील. कधीतरी एखादी सुरक्षा यंत्रणा ‘तूर्त बंद ठेवा’ अशी चिठ्ठी तुमच्या टेबलावर येईल. हा पाठ त्या दिवसासाठी आहे.

४. श्रमाचा वाटा

आता एक आनंदाची गोष्ट. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढचा ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तोपर्यंत या उद्योगातील भगिनींची संख्या ४५ हजारांच्या आसपास पोहोचली होती.

पहिल्याच पावसाळ्यात काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी आणली. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. उपाय अगदी स्वयंपाकघरातला, पण त्यामुळे बारमाही रोजगार झाला. आमच्या मते हा उद्योगाच्या पाठ्यपुस्तकात शोभणारा प्रसंग आहे.

लिज्जतची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नसून सहमालक असते. तिला ‘भगिनी’ म्हणतात. मळलेले पीठ केंद्रातून घरी न्यायचे, घरच्या घरी पापड लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात देऊन लाटणावळ घ्यायची. नफा झाला तर तोही भगिनींमध्ये वाटला जातो. आणखी एक नियम त्यांनी सुरुवातीपासून पाळला, तो म्हणजे तोटा झाला तरी दान घ्यायचे नाही. कारण दान घेतले की आपण उद्योजक राहत नाही आणि मालाचा दर्जा राखण्याची जिद्दही ढिली पडते.

सामाजिक दृष्टीने टिकाऊ व्यवसाय म्हणजे काय, हे या उदाहरणातून कळते. कामगारांना वर्षातून एकदा मिठाईचा डबा देणे म्हणजे सामाजिक जबाबदारी नव्हे. ज्याच्या श्रमातून मूल्य तयार होते, त्याला त्या मूल्यात ठरलेला व न्याय्य वाटा असणे, ही ती जबाबदारी. आणि असा धंदा भावनेवर नव्हे, बाजाराच्या स्पर्धेत साठ वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

५. कचरा की कच्चा माल?

आता आपल्या घरी परत येऊ. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर एकेकाळी कचऱ्याचे डोंगर होते. धूर, दुर्गंधी आणि माश्या यांमुळे आसपासच्या वस्त्या त्रस्त होत्या. हे डोंगर २०१८ च्या सुमारास यंत्रांनी चाळून, वेगवेगळे करून हटवण्यात आले. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथेच ‘गोबर-धन’ बायो-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. त्यातून दररोज सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे, अशी योजना आहे. प्रकल्प खाजगी कंपनीच्या भागीदारीत उभारला. गॅसचा मोठा वाटा शहराच्या बसगाड्यांना बाजारभावापेक्षा कमी दरात मिळावा, अशी व्यवस्था ठरवली गेली.

हे तंत्र इंदूरने शोधलेले नाही. हवा नसलेल्या बंद टाकीत जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो, हे गोबरगॅस वापरणाऱ्या आपल्या खेड्यांना केव्हापासून माहीत आहे. मग इतर अनेक शहरांत असे प्रकल्प रडतखडत का चालतात? उत्तर यंत्रात नाही, आपल्या स्वयंपाकघरात आहे. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक, काच, बॅटरी वा सॅनिटरी पॅड मिसळले की टाकी बिघडते आणि खत विषारी होते. इंदूरमध्ये घरोघरी कचरा वेगळा करून देण्याची सवय लागली, म्हणून प्रकल्पाला शुद्ध कच्चा माल मिळाला. म्हणजे या उद्योगाची पहिली कामगार तुमची आई आहे, जी भाजीची देठे एका डब्यात आणि दुधाची पिशवी दुसऱ्या डब्यात टाकते. दुसरे कामगार म्हणजे सकाळी दारात येणाऱ्या गाडीवरील सफाई मित्र.

२०१७ पासून आपले शहर सलग स्वच्छतेच्या सर्वेक्षणात अग्रस्थानी राहिले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पुरस्कार हा शेवटचा टप्पा नव्हे. कचरा वेगळा करणे चांगलेच, पण कचरा कमी करणे त्याहून चांगले. क्रम असा लक्षात ठेवा : आधी टाळा, मग कमी करा, मग पुन्हा वापरा, मग त्यातून नवे करा आणि काहीच शक्य नसेल तर सुरक्षित विल्हेवाट लावा. बहुतेक जाहिराती चौथ्या पायरीच्या असतात, कारण पहिल्या पायरीवर विकण्यासारखे काही नसते.

६. दान वेगळे, कमाईची रीत वेगळी

आपल्या देशात कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ही मर्यादा म्हणजे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा. या पैशातून शाळा, दवाखाने, तलाव उभे राहतात. चांगलेच आहे.

पण परीक्षेत आणि जीवनात एक भेद विसरू नका. दोन टक्के कुठे खर्च केले हा दानाचा प्रश्न आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले हा टिकाऊपणाचा प्रश्न आहे. नदीत सांडपाणी सोडायचे आणि त्याच नदीच्या काठी बाग करून कंपनीचा फलक लावायचा, याला शुभ-लाभ म्हणता येणार नाही. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मिळावीत म्हणून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून पाणी, ऊर्जा, कचरा, कामगार सुरक्षा वगैरेंचा ठरावीक नमुन्यात अहवाल देणे बंधनकारक केले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या कंपनीचा असा अहवाल जरूर वाचावा.

तसेच ‘पर्यावरणस्नेही’, ‘नैसर्गिक’, ‘ग्रीन’ असे शब्द वेष्टनावर छापून पुराव्याशिवाय ग्राहकाला भुलवण्याचा प्रकार वाढला. त्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. हिरव्या पानाचे चित्र हा पुरावा नव्हे. काय कमी केले, किती कमी केले आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न विचारा.

आणि ‘तिहेरी ताळेबंद’ हा शब्द देणाऱ्या एल्किंग्टन यांनीच २०१८ मध्ये आपली कल्पना जणू दुरुस्तीसाठी परत मागवली. त्यांची तक्रार अशी की व्यवसायाची पद्धत बदलावी म्हणून ही कल्पना मांडली होती, पण अनेकांनी तिला नुसते अहवालाचे तीन रकाने करून टाकले. म्हणून आपणही रकाने भरून थांबायचे नाही.

७. लहान धंद्याला हे परवडते का?

अनेक पालक म्हणतील, ‘हे सगळे मोठ्या कंपन्यांचे. आमचे तर दहा बाय बाराचे दुकान!’ शंका रास्त आहे. लहान व्यापाऱ्याच्या डोक्यावर भाडे, जीएसटी, उधारी आणि स्पर्धा असते. त्याला उपदेश करणे सोपे, धंदा चालवणे कठीण. म्हणून आम्ही असेच उदाहरण घेतो की ज्यात शुभ आणि लाभ एकाच दिशेला जातात.

इंदूर म्हणजे नमकीन. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात आरोग्याला अपायकारक घटक वाढतात. एफएसएसएआयने २०१८ पासून अशा घटकांची, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगांची, मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे ते तेल तळणाला वापरता येत नाही. ते गटारात ओतले तर नळ्या तुंबतात आणि स्वस्तात दुसऱ्याला विकले तर कोणाच्या तरी मुलाच्या पोटात जाते. पण वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करणाऱ्यांना देण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. म्हणजे जे फेकायचे त्याचे पैसे मिळतात, ग्राहकाचे आरोग्य राखले जाते आणि गटारही मोकळे राहते. फक्त तेल बदलण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवायची आणि पाळायची. बऱ्याच लहान धंद्यांत अशी एखादी जागा सापडते. गळका नळ, दिवसभर जळणारा दिवा, अर्धी रिकामी जाणारी मालाची गाडी हे सर्व लाभातले भोक असते.

सगळीकडे असे होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कधी शुभासाठी लाभ थोडा सोडावा लागतो. मग किती सोडायचा? हे ठरवण्यासाठी आधी खरा हिशेब मांडता आला पाहिजे. तो आपण एका उदाहरणाने शिकू.

८. आनंदमेळ्याचा हिशेब

समजा, शाळेच्या आनंदमेळ्यात दोन वर्गांनी पोह्यांचे स्टॉल लावले. प्रत्येकाने २०० प्लेट २० रुपयांना विकल्या. जमा ४,००० रुपये. साहित्याचा खर्च दोघांचा २,२०० रुपये. (आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.)

‘अ’ वर्गाने आत मेण-प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी प्लेटा आणल्या. दीड रुपयाप्रमाणे खर्च ३०० रुपये. नफा १,५०० रुपये.

‘ब’ वर्गाने ६० स्टीलच्या ताटल्या २ रुपये भाड्याने आणल्या, १२० रुपये. त्या धुण्यासाठी मावशींना ३०० रुपये मजुरी दिली. नफा १,३८० रुपये.

वहीनुसार ‘अ’ वर्ग १२० रुपयांनी जिंकला. आता हरवलेला रकाना उघडू. ‘अ’ वर्गाच्या २०० खरकट्या प्लेटा मैदानावर पडल्या. त्या धड ओल्या कचऱ्यात जात नाहीत, धड सुक्यातही नाही. त्या वेचायला सफाईच्या मावशींना सुट्टीनंतर जास्त वेळ थांबावे लागले, पण त्याची मजुरी कोणीच दिली नाही. ती १५० रुपये धरली तर ‘अ’ वर्गाचा खरा नफा १,३५० रुपये होतो, म्हणजे ‘ब’ वर्गापेक्षा ३० रुपये कमी. ‘अ’ वर्गाने मेहनतीने नफा कमावला, यात शंका नाही. पण त्यातले १५० रुपये मावशींच्या न मोजलेल्या श्रमातून आले होते.

तिरुपूरचा शेतकरी आणि शाळेच्या मावशी यांची जागा एकच आहे. धंद्याच्या वहीबाहेर.

९. शाळेने काय करावे?

मुलांना शिकवायचे एक आणि शाळेने करायचे दुसरे, असे होऊ नये. म्हणून यंदापासून आम्ही आनंदमेळ्यात प्रत्येक स्टॉलला पैसा, माणसे आणि परिसर असा तीन भागांचा हिशेब फलकावर लिहायला सांगणार आहोत. बक्षीस सर्वाधिक विक्रीला नव्हे, सर्वात खऱ्या हिशेबाला मिळेल. सुट्टीनंतर थांबणाऱ्या सेवकांची मजुरी मेळ्याच्या खर्चातच धरली जाईल. सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी घातलेली आहे, ती तर पाळायचीच.

विश्वस्त मंडळापुढे आमचा एक नम्र प्रस्ताव आहे. गणवेश, वह्या, बाके, रंगकाम यांच्या खरेदीत आजवर सर्वात कमी दराची निविदा मंजूर करण्याची पद्धत आहे. संस्थेचा पैसा समाजाचा असल्याने काटकसर योग्यच आहे. परंतु दर पाहण्याआधी पुरवठादाराला चार प्रश्न विचारावेत : माल किती वर्षे टिकेल? बिघडला तर दुरुस्त होईल का? काम करणाऱ्यांना सरकारने ठरवलेली किमान मजुरी मिळते का? वापरून झाल्यावर त्याचे काय होणार? दोन वर्षांत मोडणारे स्वस्त बाक आणि दहा वर्षे टिकणारे महाग बाक यांत स्वस्त कोणते, हे सहावीचा विद्यार्थीही सांगेल.

यातून गणवेश काही पालकांना थोडा महाग पडू शकतो, याची आम्हाला जाणीव आहे. ज्या घरात तीन मुले शिकतात, तिथे शंभर रुपयांनाही किंमत आहे. शुभाचा भार पुन्हा अशा घरावर टाकला तर आपण तीच चूक दुसऱ्या दाराने करू. म्हणून सोबत दुसरा प्रस्ताव : गणवेशाला शिलाईत जास्त कापड सोडून तो उसवून वाढवता यावा, आणि दर उन्हाळी सुट्टीत शाळेत गणवेश व पुस्तकांची अदलाबदल व्हावी. धुऊन, इस्त्री करून आणलेला गणवेश सर्वांनी टेबलावर ठेवायचा आणि सर्वांनीच तिथून घ्यायचा. विश्वस्तांची आणि आमची मुले-नातवंडेही त्याच टेबलावरून घेतील, म्हणजे कोणाला संकोच वाटणार नाही. या दोन्ही प्रस्तावांवर पालकांनी पुढील पालक-शिक्षक सभेत मोकळेपणाने मत द्यावे. विरोधी मतही आम्हाला हवे आहे.

स्वाध्याय

१. ‘बाह्य खर्च’ म्हणजे काय, हे तिरुपूर सोडून आपल्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. दान आणि टिकाऊ कमाई यांतील फरक पाच-सहा ओळींत लिहा.

३. घरातील कचऱ्याचे आठ दिवस वजन करा. ओला, सुका आणि घातक असे तीन रकाने करा. यातला कोणता कचरा मुळात टाळता आला असता, ते आईशी व आजीशी चर्चा करून लिहा.

४. आपल्या ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला वा कारागिराला भेटा. त्यांच्या धंद्यात वाया जाणारी एक वस्तू शोधा. सल्ला देऊ नका, आधी त्यांचे म्हणणे ऐका आणि वहीत उतरवा.

५. (अकरावी-बारावीसाठी) तुम्ही एका कारखान्यात लेखापाल आहात. खर्च वाचवण्यासाठी एक सुरक्षा यंत्रणा तीन महिने बंद ठेवायचे ठरले आहे. वरिष्ठांना एक पानी टिपण लिहा. टिपणात राग नको. आकडे, कारणे आणि दुसरा पर्याय हवा.

पाचव्या प्रश्नाची निवडक उत्तरे पुढील अंकात छापण्यात येतील. पालकांनी मुलांना उत्तर सांगू नये, परंतु आपल्या कार्यालयात वा कारखान्यात असे टिपण कोणी लिहिले असते तर त्याचे काय झाले असते, हे मात्र त्यांना खरेखरे सांगावे.